महिला युरो २०२५ ची बाद फेरी: सामन्याचं तिकीट, त्यातच रेल्वेचं

बाद फेरीचा सामना कधी संपेल याचा भरवसा नसतो. नव्वद मिनिटांत आटपला तर ठीक, नाहीतर जादा वेळ आणि मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी मारून निकाल. रात्री नऊला सुरू झालेला सामना पावणेबारापर्यंत लांबतो, आणि सोबत लेकरू असेल तर अर्धं लक्ष मैदानावर नि अर्धं घड्याळावर. शेवटची गाडी चुकली तर? जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या महिला युरोत, म्हणजे युरोपच्या फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, आयोजकांनी ही धास्ती बऱ्यापैकी मिटवली होती. म्हणून मी इथे खेळाइतकंच त्या तिकिटाबद्दल लिहितेय.

आधी पैशांचं. तिकिटं २५ ते ९० फ्रँक. सामन्याच्या दिवशी तेच तिकीट देशभर रेल्वे, ट्राम आणि बसला दुसऱ्या वर्गाचं तिकीट म्हणून चालायचं. आम्ही बाझेलला राहतो. सवलतीचं कार्ड नसेल तर बाझेलहून झ्युरिकला जाऊन-येऊन सत्तर फ्रँकच्या आसपास जातात. म्हणजे स्वस्तातलं तिकीट काढणाऱ्याला प्रवासाच्या निम्म्याहून कमी पैशांत प्रवास आणि सामना दोन्ही मिळत होतं. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांना यात काय मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

१७ जुलैला झ्युरिकच्या लेट्झिग्रुंड मैदानावर उपांत्यपूर्व फेरीचा स्वीडन-इंग्लंड सामना. या मैदानाला भोवती अॅथलेटिक्सचा ट्रॅक आहे, त्यामुळे प्रेक्षक गोलपासून लांब बसतात. गोलच्या मागची जागा घेऊ नका. चार पैसे जास्त गेले तरी बाजूची घ्या. दुसऱ्याच मिनिटाला स्वीडनच्या अस्लानीचा गोल, पंचविसाव्याला ब्लॅकस्टेनियसचा, आणि इंग्लंड पार गळपटलेलं. पंच्याहत्तराव्या मिनिटापर्यंत आमच्या रांगेतले काही लोक उठायलाही लागले होते. मग ७९ व्या मिनिटाला इंग्लंडच्या ल्युसी ब्राँझचा डोक्याने मारलेला गोल आणि ८१ व्याला एकोणीस वर्षांच्या मिशेल अॅगेमांगचा गोल. २-२.

टायब्रेकर तर मी असा कधी पाहिला नव्हता. १४ पेनल्टी, त्यातल्या ९ वाया. स्वीडनच्या गोलकीपर फाल्कने इंग्लंडच्या चार अडवल्या, आणि सामना जिंकून द्यायची पेनल्टी तिनेच घ्यायला घेतली. चेंडू बारवरून गेला. पलीकडे इंग्लंडची गोलकीपर हॅना हॅम्प्टन नाकातून रक्त येत असताना बोळा कोंबून उभी होती. तिनेही दोन अडवल्या. शेवटी स्वीडनच्या अठरा वर्षांच्या स्मिला होल्मबर्गची पेनल्टी बारवरून गेली आणि इंग्लंड ३-२ ने सुटलं. माझी लेक इंग्लंडच्या बाजूची, पण होल्मबर्गकडे बघून तीच रडायला लागली. "आई, तिला कुणीतरी जवळ घ्या ना," म्हणाली. स्वीडनच्या मुलींनी घेतलंच.

आता सेवेची खरी परीक्षा. मध्यरात्र जवळ आलेली आणि वीस हजारांवर माणसं बाहेर पडतायत. आम्ही गर्दीबरोबर चालत हार्डब्रुक स्टेशन गाठलं, तिथून एका स्टेशनवर मुख्य स्थानक. रेल्वेने सामन्यांसाठी जादा गाड्या सोडल्या होत्या. बाझेलच्या गाडीत बसायला जागा मिळाली, आणि पोरगी मांडीवर डोकं ठेवून झोपली. एकटीने आलेल्या कितीतरी मुली त्या डब्यात निवांत बसल्या होत्या. त्यांना बघून मला फार बरं वाटलं. बाईमाणसाने रात्रीचा सामना शेवटच्या पेनल्टीपर्यंत बघायचा, तर परतीची वाट आधी धड पाहिजे.

१९ जुलैचा फ्रान्स-जर्मनी उपांत्यपूर्व सामना आमच्याच गावात, सेंट याकोब पार्कवर. इथे ट्रॅक नाही. प्रेक्षक थेट मैदानाच्या कडेला. आवाज असा घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेराव्या मिनिटाला जर्मनीच्या हेंड्रिचने फ्रान्सच्या मबॉकचे केस ओढले, लाल कार्ड, आणि पेनल्टीवर फ्रान्स १-० पुढे. दहाजणींच्या जर्मनीने दहा मिनिटांत न्युस्केनच्या गोलने बरोबरी साधली आणि मग जादा वेळेसकट शंभराहून जास्त मिनिटं एक खेळाडू कमी असताना किल्ला लढवला. जर्मनीची गोलकीपर अॅन-कॅट्रिन बर्गरने १०३ व्या मिनिटाला स्वतःच्याच बचावपटूच्या डोक्याला लागून गोलकडे निघालेला चेंडू मागे झेपावत रेषेवरून काढला. थायरॉइडच्या कॅन्सरमधून दोनदा उठलेली ही बाई. टायब्रेकरमध्ये दोन अडवल्या, एक स्वतः मारली. जर्मनी ६-५.

बर्नचा स्पेन-स्वित्झर्लंड सामना आणि दोन्ही उपांत्य सामने घरी टीव्हीवर पाहिले. बर्नला यजमान ०-२ ने हरल्यावर स्पेनच्या खेळाडूंनी दोन रांगा करून त्यांना टाळ्यांची मानवंदना दिली, तेवढं मात्र तिथे असायला हवं होतं असं वाटलं. अंतिम सामना बाझेललाच होता, पण तिकिटं केव्हाच संपली होती. इंग्लंडने स्पेनला १-१ नंतर टायब्रेकरवर ३-१ हरवलं.

एक नाराजी आहे आणि ती वेळेची. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीचे सगळे सामने रात्री नऊला, अंतिम सामना मात्र संध्याकाळी सहाला. स्टँडमध्ये शाळकरी मुली इतक्या होत्या की किमान शनिवारचा फ्रान्स-जर्मनी सामना तरी लवकर ठेवायला हवा होता. लेकीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठवता आलं नाही.

माझं माहेर कोल्हापूर. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना असला की आमच्या गल्लीत दुसरा विषय नसायचा. दादाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो स्कोअरचा नव्हता: "बायकांच्या मॅचला गॅलरी भरली होती काय गं?" स्पर्धेला एकूण ६,५७,२९१ प्रेक्षक आले, महिला युरोचा आजवरचा उच्चांक. बाझेलच्या त्या रात्री चौतीस हजार. हे आकडे मी त्याला दोनदा सांगितले.

माझ्याकडून स्पर्धेला गुण पाचपैकी साडेचार. २०२९ ची महिला युरो जर्मनीत आहे. तिथल्या मराठी घरांनी अंतिम सामन्याच्या मागे न धावता उपांत्यपूर्व फेरीची तिकिटं आधी काढावीत: मिळायला सोपी, आणि चार रात्रींत आठ चांगले संघ. प्रवास तिकिटात धरलाय का, ते मात्र पैसे भरण्याआधी बघा. मुलींना घेऊन जा, आणि पाण्याची बाटली, जाकीट नि खाऊ जादा ठेवा, कारण सामना नव्वद मिनिटांत संपेलच असं नाही.