जर्मनीतल्या मास्टर्सच्या नावाखाली माझे ३,१८,५०० रुपये गेले

आकडा आधीच सांगते, ३,१८,५०० रुपये. त्यातले १,८५,००० पप्पांचे, पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडून दिलेले. बाकीचे माझे, हिंजवडीतल्या चार वर्षांच्या नोकरीतून साठवलेले. लाजेपोटी इतके महिने गप्प बसले. तेवढ्यात त्या कन्सल्टन्सीवाल्यानं आणखी कितीजणांना गाठलं असेल, या विचारानं झोप लागत नाही, म्हणून लिहितेय.

कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायचं पक्कं होतं. अमेरिकेचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून जर्मनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेक्कनजवळच्या एका कन्सल्टन्सीत गेले. सर्व्हिस फी ७५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ८८,५००. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. तुम्ही तो तिथल्या तिथे मागा. मग एपीएस सर्टिफिकेटचे, म्हणजे आपली पदवी तपासून जर्मनीसाठी मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे, १८,०००. मग यूनी-असिस्ट या जर्मन युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेमार्फत सहा अर्जांचे २७,०००. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे सहाचे २२५ युरो होतात, वीस हजारांच्या आसपास. हे गणित करायला मला दोन मिनिटं लागली नसती. पण दिवसभर ऑफिस आणि रात्री एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध, यात कोण हिशोब मांडतं? "तुम्ही फक्त एसओपी द्या मॅडम, बाकी आमची टीम बघेल." लॉगिन, पासवर्ड सगळं टीमकडे. मी एकदाही मागितलं नाही. तुम्ही मात्र खातं स्वतःच्या ईमेलवरच उघडा, त्यांनी कितीही गोड बोलून नको म्हटलं तरी.

मे २०२४ मध्ये ॲडमिशन लेटर आलं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातली सरकारी युनिव्हर्सिटी, शिक्का, सही, सगळं. आईनं त्याची प्रिंट देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. सोबत मागणी: पहिल्या सेमिस्टरची फी १,३५,००० आणि 'सीट ब्लॉकिंग'चे ५०,०००, चार दिवसांत भरा.

जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीला फी नसते, हे मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नका. पण त्या राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो खरंच आहेत. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ च्या हिवाळ्यापासून फी लावल्याची बातमी ताजी होती. त्यामुळे आकडा जुळला. हे लोक निव्वळ खोटं बोलत नाहीत, खऱ्यात मिसळून बोलतात.

आता तो क्षण, जो मला आजही सोडत नाही. पैसे युनिव्हर्सिटीच्या खात्यावर नव्हे, पुण्यातल्या कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'च्या करंट अकाउंटवर मागितले होते. नाव माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर होतं. "फॉरेक्सचा त्रास नको म्हणून आमच्याकडून पाठवतो," कन्सल्टन्सीवाला म्हणाला, आणि मला पटलं. नवीन खातं म्हणून बँकेनं पहिल्या दिवशी ५०,०००च जाऊ दिले. म्हणजे मध्ये एक अख्खी रात्र होती! त्या रात्री मी पत्राचा ईमेल उघडून पत्ता नीट पाहिला असता, तर शेवटी 'डॉट डीई'ऐवजी 'डॉट कॉम' दिसलं असतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, चुका शोधायचा पगार घेते. सकाळी उठून उरलेले १,३५,००० पाठवले.

बिंग फुटलं ते कर्जाच्या वेळी. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, तेव्हा ११,२०८ युरो दाखवावे लागत. त्या कर्जासाठी गेले तर बँकेच्या बाईंनी एपीएस मागितलं. "येतंय, येतंय," असं कन्सल्टन्सी महिनाभर म्हणत होती. चौकशी केली तर माझ्या नावानं अर्जच गेलेला नव्हता. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मी स्वतः मेल केला. दोन ओळींत उत्तर आलं, या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. फुकट, दोन दिवसांत. हा मेल पैसे भरायच्या आधी करायचा असतो.

पुढची धावपळ मी विसरू शकत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले, पैसे जाऊन महिना उलटला, खातं रिकामं असेल. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ऑफिसात जाऊन भेटलात, म्हणजे हे सायबर नाही, चौकीत जा. चौकीत पाच हेलपाटे घातले. तोवर १ जुलै आला, नवा कायदा लागू झाला. तर म्हणे, फसवणुकीचं कलम ४२० आता ३१८ झालंय, कुठल्यात घ्यायचं ते साहेब आल्यावर. अहो, पैसे मे महिन्यात गेलेत, तेव्हा जुनंच कलम लागणार ना! हे मी त्यांना सांगायचं? साहेबांनी पत्र हातात धरलं, कुंकवाचा डाग बघून "हे काय?" विचारलं आणि वर म्हणाले, "शिकलेल्या बाईनं असं करायचं?" पप्पा शेजारी उभे होते. साखर कारखान्यात हयात घालवलेला माणूस, मान खाली घालून उभा. ते मी कुणालाच माफ करणार नाही. शेवटी अदखलपात्र नोंद करून हातावर कागद ठेवला.

ग्राहक आयोगात तक्रार मी स्वतः लिहून दाखल केलीय. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, वकील नसला तरी चालतो, हे मला चौकीत कुणी सांगितलं नाही. जर्मनीतल्या शिक्षणाची माहिती डाड (DAAD) ही जर्मन संस्था फुकट देते, हेही आधी कुणी सांगितलं नाही.

कन्सल्टन्सीच्या त्या जिन्यात आता दुसऱ्या नावाची पाटी आहे, रिसेप्शनवर मुलगी तीच. साहेब म्हणाले होते, आणखी तक्रारदार आले तर बघू. तुमच्याकडून 'सीट ब्लॉकिंग'चे पैसे कुणी 'एंटरप्रायझेस'च्या खात्यावर घेतले असतील, तर पावती आणि बँक स्टेटमेंट घेऊन या. या वेळी चौकीत एकत्र जाऊ.