आर्डुइनो उनोला वीज: यूएसबी की १२ व्होल्टचा अडॅप्टर?

आर्डुइनो उनो आर३ या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला यूएसबीतून वीज दिली, तर ५ व्होल्टचा स्थिर दाब थेट मिळतो, बोर्डावरील रेग्युलेटरवर (जास्तीचा दाब ५ व्होल्टवर आणणाऱ्या भागावर) भार येत नाही आणि प्रवाह ५०० मिलिअँपिअरच्या बराच पुढे गेल्यास आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज तो रोखतो. नागपूरच्या सीताबर्डीत सहज मिळणारा चांगल्या प्रतीचा ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर त्यासाठी पुरेसा आहे. केबल मात्र फार लांब व बारीक तारेची नसावी, कारण तिच्यात दाब घसरतो.

अडॅप्टर लावायच्या गोल जॅकसाठी ७ ते १२ व्होल्टची शिफारस असली, तरी १२ व्होल्ट देणे मला नागपुरात पटत नाही. बोर्डावरील रेग्युलेटर जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. २०० मिलिअँपिअर प्रवाहाला ७ व्होल्टचा फरक म्हणजे जवळपास १.४ वॅट उष्णता, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना बंद डब्यातील बोर्डाला ती सोसणे कठीण जाते. ९ व्होल्टला हाच आकडा ०.८ वॅटवर येतो, म्हणून जॅकच वापरायचा असल्यास ९ व्होल्टचाच अडॅप्टर घ्यावा.

खरा धोका ‘५ व्ही’ पिनचा आहे. ती रेग्युलेटरला वगळून थेट चिपपर्यंत पोहोचते आणि एटीमेगा३२८पी या बोर्डाच्या मुख्य चिपची कमाल मर्यादा ६ व्होल्ट असल्याने तेथे चुकून १२ व्होल्ट जोडल्यास चिप बहुधा वाचत नाही. बाहेरची वीज रेग्युलेटरकडे नेणाऱ्या ‘व्हीआयएन’ पिनला तर उलट जोडणीपासून जॅकसारखे डायोडचे संरक्षणही नाही, तेव्हा तार जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब आणि ध्रुव दोन्ही तपासावेत.