तलावपाळी, ठाणे : बोटिंग ठीक, पण खरी मजा गडकरीचं नाटक सुटल्यावर

ठाण्यात तीसच्या वर तलाव आहेत आणि त्यातल्या बऱ्याच तलावांना आता जॉगिंग ट्रॅक, रेलिंग, रंगीत लाइट असं सगळं झालंय, चांगलंच झालं, चालायला जागा मिळाली. पण पाहुणे आले की आपण त्यांना नेतो तलावपाळीलाच, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर. इथले रिव्ह्यू वाचले तर सगळे बोटिंग, घोडागाडी, पाणीपुरी एवढंच लिहितात, शेजारच्या गडकरी नाट्यगृहाचं कोणी नावच घेत नाही, म्हणून हा लिहितेय.

मासुंदा तलावाच्या काठालाच गडकरी रंगायतन आहे, १९७८ पासून. रविवारी संध्याकाळचा प्रयोग सुटतो त्या वेळेला बाहेर उभं राहून बघा एकदा. हाऊसफुल्ल असेल तर हजारेक माणसं एकदम रस्त्यावर येतात आणि सरळ घरी जाणारे त्यात थोडेच, बाकीचे तलावाच्या कठड्याला टेकतात आणि सुरू होतात, दुसरा अंक लांबला, पहिल्या संचातली ती बाई जास्त चांगली करायची, नेपथ्य काय मस्त होतं वगैरे, माझी आई तर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी पण पंधरा मिनिटं वाद घालते आणि मग दोघी एकमेकींना पुढच्या नाटकाचा प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडतेय ते सांगतात. हे नुसत्या पाण्यामुळे होत नाही. पाणी आणि नाटक शेजारी शेजारी आहेत म्हणून होतं.

मध्ये नूतनीकरणासाठी गडकरी बरेच महिने बंद होतं तेव्हा आम्ही ठाण्यातल्याच घाणेकर नाट्यगृहाला जायचो. थिएटर म्हणून छानच आहे, पण बाहेर पडलं की रिक्षा शोधा आणि घरी. तलावपाळीला त्या काळातही गर्दी होतीच, पण भेळ खाल्ली, फोटो काढले, निघाले, अशी.

आणि नाटक नाही आवडत तरी इथे कायम काहीतरी चालू असतं. एका बाजूला कोपिनेश्वर मंदिर, काठावरच जुनं चर्च, पलीकडे जांभळी नाक्याचा बाजार. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा कोपिनेश्वरपासून निघते, दिवाळी पहाटेला कॉलेजची सगळी पोरं नवे कपडे घालून इथे नि राम मारुती रोडला. यातलं काही सुशोभीकरणाच्या प्लॅनमधून आलेलं नाही, लोक आधीपासून येत होते, काचेचा पदपथ आणि कारंजी नंतर आली. मला वाटतं क्रम असाच पाहिजे.

आता घोडबंदर रोडची गायमुख चौपाटी घ्या. जागा म्हणून ती तलावपाळीपेक्षा कितीतरी सुंदर आहे, खाडी, डोंगर, भन्नाट वारा, सूर्यास्त तर बघतच राहावा. पण अर्ध्या तासात सगळं बघून होतं आणि मग मुलं विचारतात आता काय करायचं. तिथे एक साधा खुला मंच असता, महिन्यातून एखादा रविवार कोळीगीतं, एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तालमीला जागा, तर मी दर आठवड्याला गेले असते. चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला जी मिरवणूक निघते ती ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, खाडीकाठची माणसं आणि त्यांची गाणी हीच तर ठाण्याची खरी श्रीमंती आहे, ती खाडीकाठावर ऐकू यायला नको का?

तलावपाळीच्या तक्रारी पण सांगते. वीकेंडला पार्किंग विसरा. हॉर्न इतके वाजतात की कठड्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तलाव बंदिस्त आहे, पाणी वाहतं नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पातळी उतरली की काही ठिकाणी वास येतो, आणि निर्माल्य टाकणारे अजूनही टाकतातच, प्लीज नका टाकू.

माझ्याकडून ५ पैकी ४. स्टेशनवरून चालत या, दहा मिनिटं लागतात, जाताना कुंजविहारचा वडापाव घ्या. बोटिंग मुलांना आवडतं, रांग नसेल तर करा, आणि जमलं तर त्याच दिवशीचं नाटकाचं तिकीट काढा, बाल्कनीचं पण चालेल.