निस्सान वन टन: नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. गाडी चालते, थांबते आणि तापत नाही. या तिन्ही गोष्टी जुळून यायला बराच पैसा गेला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा बघणाऱ्याला दिसतच नाही.

गाडी म्हणजे जुनी निस्सान वन टन, शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीपसोबत जबलपूरला फौजेसाठी बनायची ती. माझ्याकडे आली तेव्हा तिला फौजेचा नव्हे, आरटीओचा साधा नंबर पडलेला होता, आरसी बुक होतं. म्हणूनच घेतली. नुसता फौजेच्या लिलावाचा कागद असलेली गाडी स्वस्तात मिळते खरी, पण आरटीओत नोंद होईपर्यंत ते अंगणात पडलेलं लोखंडच.

इंजिन जोंगाचंच, सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसी पेट्रोल. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८५.७ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ११४.३ मिमी. स्ट्रोक एवढा लांब असल्यामुळे ते कमी आरपीएमलाच ओढतं. चिखलात पहिला गिअर टाकून पाय जवळजवळ उचलला तरी गाडी आपली पुढे सरकत राहते. शेडच्या गर्डरला चेनपुली टांगून इंजिन घरीच उतरवलं आणि घरीच भरलं. बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग तेवढं खराद्याकडे.

भेटेल तो मिस्त्री एकच सल्ला देतो: "भाऊ, टाटा चारशे सातचं डिझेल इंजिन टाकून द्या ना, काऊन पेट्रोल जाळून राहिले?" लिटरला चार किलोमीटर मिळाले तर मी खूश असतो, तेव्हा त्याचं गणित चूक नाही. पण इंजिन बदलायचं म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आलं, परवानगी आली, आरसीवर नोंद आली. मूळ कंपनीच्या रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय इंजिन बदललं की माउंटिंग, रेडिएटर, गिअरचं प्रमाण, सगळंच बदलत जातं. मी पेट्रोलवरच राहिलो आणि आजही तेच बरं वाटतं.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. ऑटोमोटिव्ह चौकात सिग्नलला थांबलो आणि गाडी दम तोडल्यासारखी बंद पडली. बॉनेट उघडलं तर फ्युएल पंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोलला चक्क बुडबुडे येत होते. इंजिनावर बसवलेला मेकॅनिकल पंप, बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट आणि वर नागपूरचं ऊन. लाइनमध्ये पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफ ओढत बसतो. ओलं फडकं टाकून, थांबून, पुन्हा सुरू करणं हा रस्त्यावरचा उपाय झाला. कायमचा उपाय म्हणून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला, पाइप एक्झॉस्टपासून लांब फिरवला आणि मध्ये पत्र्याचा आडोसा दिला. रेडिएटरला नवा, जास्त जाडीचा कोअर घातला. त्यानंतर भर दुपारी कामठी रोडच्या गर्दीतही तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेलेला नाही.

इथेनॉलचं वेगळं. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, जातो. वर ते टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही सोडवतं आणि तो गाळ थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, येऊन बसतो. टाकी उतरवून आतून साफ करा, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घाला, मगच गाडी रस्त्यावर काढा. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ब्रेक चारही चाकांना ड्रम आहेत आणि तसेच ठेवलेत. मात्र चारही चाकांना एकाच लाइनने ब्रेक ऑइल पुरवणारा जुना सिंगल सर्किट मास्टर सिलिंडर काढून दोन वेगळ्या लाइनींचा टँडम घातला आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर जोडला. जुन्या पद्धतीत एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. एवढ्या वजनाच्या गाडीत हा धोका कोणी का घ्यावा, मला कळत नाही.

स्टिअरिंग जड आहे. सीताबर्डीत गाडी वळवून लावली की त्या दिवशी जिमला जायची गरज नाही.

बॉडीचं काम वाडीतल्या एका गॅरेजला दिलं होतं. त्यांनी गंजलेला पत्रा कापायच्या ऐवजी वर पुट्टी थापली; पहिल्या पावसातच दाराखाली फोड आले. तो भाग पुन्हा कापून नवा पत्रा वेल्ड केला. रंग खाकी दिलाय. मित्रांना ऑलिव्ह ग्रीनच हवा होता, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हौसेपायी चौकाचौकात थांबून उत्तरं देत बसायची माझी तयारी नाही.

फोर बाय फोर पावसाळ्यात रामटेककडच्या शेतरस्त्यांवर भरपूर वापरलं. तिथे तक्रार शून्य. फक्त डांबरी रस्ता लागला की लगेच टू-व्हील ड्राइव्हवर या. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसल्यामुळे वळणावर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठतो आणि लीव्हर अडकून बसतो.

सध्या शिल्लक दुखणं एकच: पुढच्या डाव्या नकलमधून, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातून, ग्रीस गळतं. बाजारात मिळालेलं सील मापाला किंचित सैल आहे. जबलपूरच्या एका ओळखीच्या माणसाने जुन्या स्टॉकमधलं शोधून देतो म्हटलंय. तोवर अंगणातल्या फरशीवर पुठ्ठा अंथरलाय.