रोज वजन करायचं की आठवड्यातून एकदा?

रोज काटा बघितला की वजन वाढायला लागलंय हे लवकर कळतं, हा मोठा फायदा, पण एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि ते चरबीमुळे नसतं, आदल्या दिवशी मीठ जास्त झालं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आलीय, किंवा शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठलं (1 ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं) की आकडा लगेच वर. म्हणून रोज करायचं तर 7 दिवसांची सरासरी काढा, एकट्या आकड्याकडे बघून जेवण सोडू नका प्लीज.

आठवड्यातून एकदा केलं तर डोक्याला ताप कमी, फक्त नेमका तोच दिवस पाणी साठल्याचा निघाला तर सगळा आठवडा वाया गेला असं वाटतं.

अमेरिकेत 1994 पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री आहे, किमान 13.6 किलो कमी करून वर्षभर टिकवलेले लोक त्यात आहेत, आणि त्यातले सुमारे 75 टक्के आठवड्यातून एकदा तरी वजन करतातच.

माझं मत रोजच्या बाजूने, सकाळी उठून टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. पण ईटिंग डिसऑर्डरचा (खाण्याशी संबंधित मानसिक आजाराचा) त्रास असेल किंवा आधी झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दोन्ही नको.