मॅथेमॅटिकाची सार्वत्रिक सेटिंग्ज: सामायिक प्रयोगशाळेच्या नजरेतून

मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये नागपूरच्या मध्यवर्ती भागाचे रेखांश म्हणून ७९.०८८१५५ ही संख्या दिली, तर पडद्यावर ७९.०८८२ एवढेच दिसते. आत साठवलेली संख्या पूर्ण असते, तिची अचूकता सुमारे सोळा अंकांची असते. दाखवताना मात्र सहा सार्थ अंकांवर थांबायचे, असे मुळातच ठरवून दिलेले आहे. गणिताच्या वर्गात हे कोणाला खटकत नाही. पण स्थापत्य शाखेचा विद्यार्थी सर्वेक्षणाचे बिंदू पडद्यावर पाहून वहीत उतरवू लागला, की नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा तो चौथा दशांश जवळपास दहा मीटरांचा भरतो आणि केवळ पूर्णांकनामुळे पाच मीटरपर्यंतचा फरक नोंदीत शिरतो. हे ठरवणाऱ्या ऑप्शनचे, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगचे, नाव ‘प्रिंटप्रिसिजन’. असा एखादा ऑप्शन कुठे बदलायचा, तो बदल कुठवर पोहोचतो आणि तो मागे कसा घ्यायचा, एवढ्याच अंगाने या सॉफ्टवेअरचे परीक्षण येथे केले आहे. कारण ज्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर सकाळी स्थापत्यचे आणि दुपारी विद्युत शाखेचे विद्यार्थी बसतात, तेथे समाकलन किती झटपट होते यापेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक कामाला येतात.

१९८८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरचे पहिल्यापासून दोन स्वतंत्र भाग आहेत. हिशेब करणारा भाग म्हणजे कर्नल आणि आज्ञा आणि उत्तरे असलेला दस्तऐवज, म्हणजे नोटबुक, दाखवणारा भाग म्हणजे फ्रंट एंड. सेटिंग्जच्या बाबतीत होणारा बहुतेक गोंधळ या विभागणीतून येतो, कारण दोन्ही भागांचे ऑप्शन वेगळे आहेत, त्यांचे आयुष्य वेगळे आहे आणि ते जिथे जतन होतात त्या फाइलीही वेगळ्या आहेत. माहितीपुस्तिकेत हे सारे लिहिलेले आहे, पण एका ठिकाणी नाही.

फ्रंट एंडची व्यवस्था मला मनापासून आवडते. फॉरमॅट मेनूमधून उघडणाऱ्या ‘ऑप्शन इन्स्पेक्टर’ या खिडकीत वरच्या बाजूला व्याप्ती निवडता येते: संपूर्ण सॉफ्टवेअर, समोरचे नोटबुक किंवा फक्त निवडलेला मजकूर. वरच्या पातळीवर दिलेले मूल्य खालच्या पातळीला आपोआप मिळते आणि खाली वेगळे मूल्य दिले तर तेथे ते वरचढ ठरते. जो ऑप्शन त्या पातळीवर मुद्दाम बदललेला असेल त्याच्यापुढे एक लहानशी फुली दिसते. ती दाबली की वरून येणारे मूल्य पुन्हा लागू होते. ही फुली ज्याने सुचवली असेल त्याने अनेक प्रयोगशाळा सहाय्यकांचे दुवे घेतले असतील. वर्गात प्रोजेक्टरवर शिकवताना अक्षरे मोठी हवी असल्यास ‘मॅग्निफिकेशन’ सार्वत्रिक पातळीवर दीडपट करून ठेवावे, म्हणजे प्रत्येक नवे नोटबुक तसेच उघडते आणि शेवटच्या बाकावरून तक्रार येत नाही. उन्हाळ्यात वीज जाण्याची धास्ती असलेल्यांनी ‘नोटबुकऑटोसेव्ह’ पाहावा. तो सुरू केल्यास प्रत्येक उत्तरानंतर नोटबुक आपोआप जतन होते. मात्र त्रिमितीय आलेखांनी भरलेल्या जड नोटबुकमध्ये त्यामुळे काम रेंगाळते, म्हणून तो सरसकट लावण्याऐवजी नोटबुकपुरता लावणे बरे.

कर्नलकडे वळले, की इतकी सुबकता उरत नाही. येथील मुख्य आज्ञा ‘सेटऑप्शन्स’. एखाद्या फलनाचे नाव, ऑप्शन आणि नवे मूल्य एवढे तिला दिले, की त्या सत्रापुरते, म्हणजे कर्नल बंद होईपर्यंत, त्या फलनाचे मूळ वर्तन बदलते. आज्ञेतच स्पष्टपणे वेगळे मूल्य लिहिले असेल तर अर्थातच तेच चालते. सर्व आलेखांना चौकट हवी म्हणून ‘प्लॉट’चा ‘फ्रेम’ ऑप्शन बदलला, तर ‘लिस्टप्लॉट’ आणि ‘पॅरामेट्रिकप्लॉट’ यांच्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण प्रत्येक फलन आपली यादी स्वतंत्र बाळगते. सार्वत्रिक म्हणून केलेला बदल असा एका फलनापुरता मर्यादित राहतो आणि त्याच वेळी दुसऱ्या दिशेने अपेक्षेपेक्षा दूर जातो: एरवी सगळी उघडी नोटबुके एकाच कर्नलला जोडलेली असतात, त्यामुळे एका नोटबुकमध्ये चालवलेली ‘सेटऑप्शन्स’ शेजारच्या नोटबुकमधील आलेखही बदलते, आणि त्या शेजारच्या नोटबुकमध्ये या बदलाची कसलीही खूण नसते. फ्रंट एंडमधील त्या फुलीसारखे कर्नलमध्ये काही नाही, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. मूळ मूल्ये परत आणणारी सुटसुटीत आज्ञाही दिलेली नाही. एकतर बदलण्यापूर्वी ‘ऑप्शन्स’ या फलनाने जुनी यादी एखाद्या चलात ठेवून नंतर ती परत बसवावी लागते, नाहीतर कर्नल बंद करून नव्याने सुरू करावा लागतो आणि त्याबरोबर सत्रातील सगळी चले जातात.

याशिवाय तिसरा प्रकार आहे तो डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या प्रणाली-चलांचा. ते ऑप्शन नव्हेत, त्यामुळे इन्स्पेक्टरमध्ये शोधून सापडत नाहीत. यांतील ‘हिस्टरीलेंग्थ’ तेवढे प्रत्येकाने लक्षात ठेवावे: त्याचे मूळ मूल्य अनंत आहे, म्हणजे सत्रातील प्रत्येक उत्तर कर्नल स्मृतीत धरून ठेवतो. मोठ्या सारण्यांवर काम करणाऱ्या जुन्या संगणकावर ते लहानशा संख्येवर आणले, तर स्मृती भरण्याचा वेग लगेच कमी होतो.

कर्नलचे बदल कायम ठेवायचे असल्यास ते वापरकर्त्याच्या फोल्डरमधील प्रारंभिक फाइलीत लिहावे लागतात. कर्नल सुरू होताना ती फाइल वाचली जाते. संगणकावरील सर्व वापरकर्त्यांसाठी अशीच दुसरी फाइल असते. येथे मात्र हात आखडता घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. दिसण्याशी संबंधित ऑप्शन, म्हणजे रेषेची जाडी, चित्राचा आकार, अक्षरांचे माप, सार्वत्रिक ठेवायला हरकत नाही. हिशेबाशी संबंधित ऑप्शन कधीही सार्वत्रिक करू नयेत. उदाहरणार्थ, संख्यात्मक समाकलन करणाऱ्या ‘एनइंटिग्रेट’चे ‘वर्किंगप्रिसिजन’, म्हणजे हिशेबात वापरायची अचूकता, कायमचे तीस अंकांवर नेले, तर साध्या दशांश संख्या असलेल्या प्रत्येक समाकलनावर दिलेल्या फलनाची अचूकता अपुरी असल्याचा इशारा येऊ लागतो. त्याहून वाईट म्हणजे विद्यार्थ्याने ते नोटबुक मार्गदर्शकांना पाठवले, तर प्रारंभिक फाइल त्याच्यासोबत जात नाही आणि तेच नोटबुक दुसऱ्या संगणकावर वेगळे अंक देते. असा ऑप्शन त्या आज्ञेतच लिहावा. ओळ लांबते, पण वाचणाऱ्याला सगळे समोर दिसते.

हा धोका एकट्या मॅथेमॅटिकाचा नाही. आर या संख्याशास्त्रीय भाषेत मजकुराचे स्तंभ आपोआप वर्गवारीत बदलायचे की नाही, हे एका सार्वत्रिक ऑप्शनवर अवलंबून होते. कोणी तो आपल्या प्रारंभिक फाइलीत बंद करून ठेवी, कोणी ठेवत नसे, आणि एकच प्रोग्राम दोन ठिकाणी दोन प्रकारे चाले. अखेर २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीत त्याचे मूळ मूल्यच बदलण्यात आले. मेपल या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये अचूकतेचे ‘डिजिट्स’ हे एकच चल समोर ठेवलेले आहे, त्याचे मूळ मूल्य दहा आहे आणि ‘रीस्टार्ट’ म्हटले की ते पुन्हा दहावर येते. मेपलची ही रीत कमी लवचिक आहे, पण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला ती एका तासिकेत समजते. मॅथेमॅटिकाची व्यवस्था समजावायला किमान तीन तासिका हाताशी हव्यात.

ज्या विभागाकडे परवाना आहे त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संगणकावर वेगळे खाते ठेवावे. फ्रंट एंडची सार्वत्रिक सेटिंग्ज खात्यानुसार वेगळ्या फाइलीत जतन होतात, त्यामुळे एकाने केलेली उलथापालथ दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. खाते एकच असेल आणि खिडकीचे रूप ओळखू येणार नाही इतके बदललेले असेल, तर विंडोजवर कंट्रोल आणि शिफ्ट या कळा दाबून ठेवून सॉफ्टवेअर सुरू करावे, म्हणजे फ्रंट एंड मूळ स्थितीवर येतो. मात्र त्यात कोणाची आवडीची सेटिंग्ज असतील तर तीही पुसली जातात.

परवान्याचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी २०१९ पासून विकासकांना मॅथेमॅटिकाच्याच कंपनीचे वुल्फ्राम इंजिन विनामूल्य मिळते. त्यात कर्नल पूर्ण आहे पण नोटबुकचा फ्रंट एंड नाही, म्हणून वर कौतुक केलेला इन्स्पेक्टर आणि त्यातील फुली तेथे मिळत नाही; ‘सेटऑप्शन्स’ आणि प्रारंभिक फाइल यांवरच भागवावे लागते.