रेडिएटरचा फॅन: कंपनीचा, लोकल की जुन्या बाजारातला?

मोटारसायकलींत यामाहाची आर१५ आली २००८ साली, होंडाची सीबीआर २५०आर २०११ साली. २०१२ साली चाकणला बनलेली ड्यूक २०० आणि तिच्या मागोमाग पल्सर २००एनएस आली. कुलंट म्हणजे रेडिएटरच्या जाळीतून फिरणारं थंड करायचं पाणी; त्यावर गार होणारं इंजिन आपल्याकडे कॉलेजच्या पार्किंगपर्यंत पोचलं ते मुख्यतः या गाड्यांमुळे. आता त्या पहिल्या खेपेच्या गाड्यांना दहा वर्षं केव्हाच उलटून गेली आहेत, आणि ‘फॅन फिरत नाही, नवा द्या’ हे वाक्य पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर सारखं ऐकू येतं. तिथे तीन पर्याय समोर येतात: कंपनीची पूर्ण असेंब्ली, लोकल असेंब्ली, आणि मोडीत निघालेल्या गाडीवरून काढलेला जुना फॅन. तिन्हींबद्दल खाली लिहिलं आहेच, पण आधी आपला फॅन खरोखर मेला आहे का ते तपासा. इलेक्ट्रिकल माल एकदा घेतला की दुकानदार परत घेत नाही, आणि दोष फॅनमध्ये नसेल तर नवा फॅनसुद्धा तसाच गप्प बसेल.

सगळ्यात पहिला प्रश्न: गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर तापत असेल तर संशय फॅनवर घ्या. ताशी ६० च्या वर मोकळ्या रस्त्यावर तापत असेल तर फॅनचा संबंध नाही, कारण त्या वेगाला समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. मग जाळीत बसलेला चिखल, कमी झालेलं कुलंट, अडकलेला थर्मोस्टॅट (तापल्यावर कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), नाहीतर वॉटर पंप बघा.

फॅनची परीक्षा पाच मिनिटांची आहे. इंजिन थंड आणि इग्निशन बंद असताना फॅनचा कप्लर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) सोडवा, पातं बोटाने फिरवून बघा. जड जात असेल किंवा घासत असेल तर खडा, वाळलेला चिखल किंवा कोरडी पडलेली बुश (शाफ्ट जिच्यात फिरतो ती कडी), यातलं काहीतरी आहे. मोकळं फिरलं तर बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी घ्या आणि फॅनला डायरेक्ट १२ व्होल्ट द्या. फॅन झपकन उचलला पाहिजे. बोटाने ढकलल्यावरच सुरू होत असेल तर आतले ब्रश (मोटरला करंट देणारे कार्बनचे तुकडे) संपत आले आहेत, तो फॅन बदलायचाच. मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून सिरीजमध्ये, म्हणजे फॅनच्या एका वायरीच्या मधोमध, जोडता येत असेल तर करंटही मोजा. या आकाराचे फॅन साधारण २ ते ४ अँपिअर घेतात. ६-७ अँपिअर ओढत असेल तर मोटर जाम होते आहे, आणि फ्यूज वरचेवर का उडतो याचं उत्तरही तिथेच मिळतं. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका, वायरिंग जळेल.

डायरेक्टवर फॅन व्यवस्थित फिरला तर पैसे खिशातच ठेवा. दोष फॅनपर्यंत येणाऱ्या वाटेत आहे.

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फसवतो तो कप्लर. रेडिएटरच्या मागे, पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात तो दहा पावसाळे भिजलेला असतो. उघडून उजेडात धरा. पितळी पिनेवर हिरवट पावडर दिसेल, आणि जवळची वायर दोन-तीन सेंटिमीटर सोलली तर आतली तांब्याची तार काळी पडलेली असेल. गंमत अशी की मीटर नुसता लावला तर इथेही १२ व्होल्ट दाखवतो, कारण लोड नसताना, म्हणजे फॅन करंट ओढत नसताना, सडलेली वायरसुद्धा व्होल्टेज पुढे देते. म्हणून कप्लर जोडलेला ठेवा, मागच्या बाजूने बारीक सुई घाला, आणि फॅन चालू असताना मोजा. बॅटरीवर १२.५ आणि फॅनवर १२ असेल तर ठीक. फॅनवर ११ च्या खाली आलं तर दीड व्होल्टहून जास्त वाटेत खाल्ला जातो आहे. प्लस आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसला जाणारी) दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. अर्थच्या बाजूचा दोष मिस्त्रीसुद्धा बऱ्याचदा बघत नाहीत.

पुढे रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून फॅनचा मोठा करंट जोडणारा स्विच. ‘टक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समज चुकीचा आहे. तो आवाज कॉइलचा असतो, आतले पॉइंट जळलेले असले तरी येतो. गाडीत त्याच जातीचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघणं सगळ्यात सोपं.

मग फॅनला हुकूम देणारा भाग. बऱ्याच जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत रेडिएटरला थर्मो स्विच असतो, आणि तापल्यावर तो फॅनची अर्थ जोडतो. एकच वायर असलेल्या स्विचची वायर काढून इग्निशन चालू ठेवून अर्थला टेकवा. फॅन फिरला तर फॅन आणि वायरिंग ठीक, स्विच संशयित. इंजेक्शनच्या गाडीत हा उद्योग करू नका. तिथे दोन वायरींचा सेन्सर असतो आणि फॅन ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) चालवतो. या सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना, २०-२५ अंशांना, साधारण २ ते २.५ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास आणि १०० अंशांना २०० च्या आसपास येतो. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत सेन्सरचा कप्लर काढला की ईसीयू बिघाड समजून फॅन आपोआप चालू करतो आणि गाडीच्या मीटरवर इंजिनचा दिवा लावतो. तसं झालं तर फॅन, रिले, ईसीयू तिन्ही ठणठणीत.

स्विच तपासायला लोक तो उकळत्या पाण्यात धरतात, आणि पुण्यात इथेच गफलत होते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. स्विच ९८ ते १०२ मध्ये चालू होणारा असेल तर साध्या पाण्यात तो चालू होणारच नाही आणि चांगला स्विच कचऱ्यात जाईल. निम्मं कुलंट, निम्मं पाणी घ्या, ते समुद्रसपाटीला १०७ अंशांच्या आसपास उकळतं, पुण्यात दोनेक अंश आधी. त्यात धातूचा भाग तेवढा बुडवा, थर्मामीटर भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. भांडं मात्र परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. कुलंट विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्र्या-मांजरांच्या वाटेतही ठेवू नका.

कुलंट नुकतंच बदललं असेल आणि तेव्हापासून फॅन लागत नसेल तर एअर लॉक बघा. सेन्सरभोवती कुलंटऐवजी हवा अडकली की त्याला खरं तापमान कळत नाही. इंजिन पूर्ण गार असताना कॅप उघडा, काठोकाठ भरा, एअर स्क्रू असेल तर सैल करा, गाडी आयडलला (रेस न देता नुसती चालू) ठेवून होज, म्हणजे कुलंटच्या रबरी नळ्या, दाबत राहा, मधूनमधून डावी-उजवीकडे कलवा, बुडबुडे थांबले की कॅप लावा. गरम इंजिनवर कॅप कधीही उघडू नका.

एवढं करूनही फॅनच दोषी ठरला, तर आता खरेदी.

कंपनीची असेंब्ली सगळ्यात महाग, आणि आमच्या मते रोजच्या शहरातल्या वापराला तीच घ्यावी. पातं, मोटर, चौकट आणि कप्लर एकमेकांसाठी बनलेले असतात, भोकं जुळतात, वायर पुरेशा लांबीची असते. पार्ट नंबर गाडीच्या वर्षाप्रमाणे तपासा. कार्ब्युरेटर आणि इंजेक्शनच्या एकाच नावाच्या गाडीत कप्लर वेगळा निघू शकतो.

लोकल असेंब्ली बरीच स्वस्त पडते. मोटर सुरुवातीला वाईट नसते, खोट असते ती बाकीच्या गोष्टींत. काउंटरवरच पातं दोन बोटांत धरून हलवा. शाफ्टला जाणवण्याइतका खेळ असेल तर तो पीस परत द्या. पात्याचं प्लॅस्टिक मऊ असेल तर गरम रेडिएटरला खेटून ते वाकतं आणि जाळीवर घासायला लागतं, म्हणून बसवल्यावर पातं आणि जाळी यांत किमान ५ मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. प्लस-मायनस उलटं झालं तरी फॅन फिरतो, फक्त उलटा. मग तो येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलतो, आणि पात्याचा बाक उलट्या दिशेसाठी नसल्याने तीही पुरेशी नाही. खात्री करायला रेडिएटरच्या पुढच्या बाजूला टिश्यू पेपरचा तुकडा धरा. फॅन मागे बसवलेला असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर वायरी बदला. कप्लर जुळत नसेल तर वायर पिळून टेप गुंडाळणारा मिस्त्री टाळा. जुन्या फॅनचा चांगला कप्लर कापून सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

जुन्या बाजारातला फॅन हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. तपासून घेतलेला जुना ओरिजिनल आम्ही नव्या लोकलच्या वर ठेवू. अट एकच, दुकानात १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो पाच मिनिटं चालवायचा. सुरुवातीला गोड फिरणारा फॅन मोटर गरम झाल्यावर कुरकुरायला लागतो, ते पहिल्या दहा सेकंदांत कळत नाही. पुढून ठोकलेल्या गाडीचा असेल तर चौकट सपाट फरशीवर ठेवून वाक बघा.

नुसती मोटर उघडून ब्रश बदलून देणारेही भेटतात. गावी जाण्यापुरतं ठीक. मोटरची पत्र्याची घडी एकदा उघडली की पहिल्यासारखी पाणी अडवत नाही, पावसाळ्यात ती मोटर पुन्हा बंद पडते.

फॅन बसवताना तीन-चार छोटे बोल्ट असतात, बहुतेक ८ किंवा १० नंबरचे. हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पुरे, जास्त आवळलं तर चौकटीची भोकं तडकतात. मोटरला पाणी निघायचं भोक असेल तर ते खाली यायला हवं. वायर सायलेन्सरच्या बेंडपासून लांब बांधा, हँडल दोन्ही टोकांना वळवून ती ताणली जात नाही ना ते बघा. मग गाडी स्टँडवर आयडलला सोडा. फॅन लागला पाहिजे, तापमान उतरल्यावर बंद झाला पाहिजे, आणि काही मिनिटांनी परत लागला पाहिजे. हा फेरा दोनदा पूर्ण झाल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नका.